चितळाचा वाटा

माझ्या नवऱ्याला दोन गोष्टी मनापासून आवडायच्या. एक लुगडं विणणं आणि दुसरी मासा लागायची वाट पाहत बसणं. पहिलीवर घर चालायचं, दुसरीपायी माझं डोकं फिरायचं. आठवडाभर मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसलेल्या माणसानं रविवारी जरा चालावं-फिरावं की नाही? तर नाही. आमचे हे रविवारी गळ घेऊन तलावाच्या काठावर पुन्हा बसायलाच जायचे. मी म्हणायची, "अवो, बसायचंच आहे तर घरी बसा ना." त्यावर ते शांतपणे म्हणत, "घरी गळ टाकला तर तूच लागशील वं." मी भाकरी बांधून द्यायची झालं.

आमची वस्ती नागपुरात, इतवारीच्या मागच्या अंगाला. घरोघरी हातमाग. मी सांगते तो काळ सत्तरनंतरचा, यंत्रमाग गावात आले होते आणि हातमागाचं काम महिन्यागणिक कमी होत चाललं होतं. पण गळवाल्यांची मंडळी मात्र वाढत होती. काम नसलं की माणूस तलावावर. वस्तीतले चार-पाच जण आणि त्यांच्यात एक रेल्वेतले बंगाली बाबू, असा तो मेळा होता. दोऱ्या आमच्याच घरच्या, लुगड्याच्या काठातून उरलेल्या रेशमाला पीळ देऊन केलेल्या. आमिषही घरचंच. ताण्याला लावायला तांदळाची खळ शिजवतो ना आम्ही, तिच्यात कोंडा कालवून गोळे करायचे. रोहू म्हणा, मिरगल म्हणा, सगळे त्या खळीवर यायचे. यामुळे आमच्या लोकांची एक पक्की समजूत झाली होती की जगातला यच्चयावत मासा खळ खातो.

बंगाली बाबू दरवर्षी पूजेला गावी जात. त्या वर्षी परत आले ते मातीची हंडी मांडीवर घेऊन. गाडीत झोपले नाहीत म्हणे. पाणी स्थिर राहिलं तर पिलं गुदमरतात, म्हणून हावड्यापासून नागपूरपर्यंत हातानं पाणी हलवत आले. हंडीत बोटाएवढी सहा पिलं होती, चपटी, चांदीसारखी, पाठीला कुबड आल्यागत वाकलेली. "चितल है, दादा, चितल! बड़ा होगा तो ऐसा खींचेगा कि हाथ टूट जाएगा." चितळ म्हटल्यावर मला आपलं जंगलातलं ठिपक्यांचं हरीण आठवलं. पण ह्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. लग्नात मला पाहून झाला नव्हता एवढा.

आता ही पिलं ठेवायची कुठे? तर आमच्या अंगणातल्या हौदात. तो हौद सूत भिजवायचा! मी कमरेवर हात ठेवून विचारलं, "आणि सूत कुठं भिजवू, माझ्या डोक्यात?" ह्यांनी दुसऱ्या दिवशी एक जुना ड्रम आणून ठेवला. काम संपलं. माणूस भांडायला तयारच नसला तर एकटीनं किती भांडायचं!

बेत असा होता. पिलं जरा मोठी झाली की माझ्या माहेरच्या तलावात सोडायची. शहरातल्या तलावात सोडली तर कोण कुठला येऊन ओढून नेईल. माझं माहेर उमरेडच्या पुढे, भिवापूरच्या अलीकडे, छोट्या लाईनच्या गाडीनं जायचं. तेही घर विणकराचंच, पण माझ्या भावानं माग कधीच माळ्यावर टाकला होता आणि मिरची लावत होता. गावाला मोठा तलाव होता. ह्यांच्या डोक्यात चित्र तयार झालं होतं: दोन-तीन वर्षांत तिथं हातभर चितळ होतील, नागपूरचे शौकीन लोक छोट्या गाडीनं येतील, गळ टाकायचे पैसे देतील, त्यातून तलावाची फुटकी पाळ दुरुस्त होईल, आणि ह्यांना म्हातारपणी माग बंद पडला तरी काठावर बसायला एक जागा आणि एक काम राहील. रात्री जेवताना हे सगळं सांगून राहायचे. खोटं कशाला बोलू, मलाही ते ऐकायला बरं वाटायचं. मागाचं काय होणार, ही धास्ती दोघांनाही होती. भावाला कळवलं तर तो तर ह्यांच्याहून पुढे! "जवाईबापू, पाळ दुरुस्त होते म्हणता ना? मंग वाघ आणून सोडा तलावात!"

अडचण एकच होती, आणि ती म्हणजे माझी मोठी बहीण. तिला आम्ही सगळे बाई म्हणायचो. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही, सासरच्यांनी शेताचा एक दांड दिला नाही. ती परत गावात आली, पण भावाच्या चुलीवर राहिली नाही. दोन खोल्यांचं वेगळं घर, वेगळी चूल. पोट भरायची ती तलावावर. गुडघाभर पाण्यात उतरून जुन्या लुगड्याच्या पदरानं बारीक मासोळ्या आणि झिंगे धरायचे, छपरावर वाळवायचे आणि भिवापूरच्या बाजारात मिरचीवाल्यांच्या शेजारी बसून विकायचे. तिची पावशेर सुकट घ्यायला लांबून लोक यायचे.

शिवाय उन्हाळ्याचा वाटा. आमच्या गावात तलाव वर्षातून एकदा धरायचा, वैशाखात, पाणी पार खाली गेलं की. सगळा गाव उतरायचा. निघालेले मासे काठावर ओतून त्यांचे वाटे लावायचे, आणि वाटा जमिनीवर नाही तर चुलीवर. ज्याची चूल त्याचा वाटा. पाटलाचा जेवढा, तेवढाच बाईचा. बाकी वर्षभर बाईला कुणी हिशेबात धरत नसे, पण त्या दिवशी ती पाटलाच्या बरोबरीची असायची. आणि आणखी एक नेम होता: तलावाच्या मधोमध जो खोल डोह होता, त्यात कुणी जाळं टाकायचं नाही की हात घालायचा नाही. सगळ्या तलावातल्या माशांचं बी उन्हाळाभर त्या डोहात राहायचं. मधे एक साल असं कोरडं गेलं की डोहसुद्धा आटला होता. पुढची दोन वर्षं बाईनं कशी काढली ते तिलाच माहीत. विचारलं तर म्हणायची, "काढले."

इकडे हौदात ह्यांनी पिलांना काय घालावं? खळीचे गोळे! सकाळ-संध्याकाळ. पिलं तोंड लावीनात. हे म्हणत, "नवीन आहेत, लाजून राहिले." आठ-दहा दिवसांत हौदाचं पाणी आंबलं, अंगणात उभं राहवेना, आणि पिलं सुकून सुतासारखी झाली. मी तर पदर नाकाला लावून भांडी घासायची. शेवटी बंगाली बाबू आले, हौदात डोकावले आणि कपाळाला हात लावून म्हणाले, "अरे दादा, ये बाघ है बाघ! बाघ को भात खिलाता है?"

मग ह्यांनी पाणी बदललं आणि शहरातल्या तलावातून लोटाभर बारीक मासोळ्या आणून हौदात सोडल्या. सकाळी पाहतो तर एकही नाही. हे आनंदानं ओरडले, "खाल्ल्या वं! सगळ्या खाल्ल्या!" आमची पोरंही नाचायला लागली. मी मात्र हौदाशी उभीच राहिले. कारण लोट्यातल्या त्या मासोळ्या मी ओळखल्या होत्या. त्याच बारीक, काचेसारख्या, बाईच्या छपरावर वाळत पडलेल्या असायच्या तशा. मी म्हटलं, "अवो, हे माझ्या बहिणीच्या ताटातलं आहे." हे म्हणाले, "तलाव एवढा मोठा आहे, सहा मासे काय संपवतीन? आणि मरळ नाही का त्या तलावात? मरळही मासेच खाते. तिले कोणी काही म्हणत नाही." बोलणं तसं बरोबर होतं. म्हणून तर राग आला.

हिवाळाभर आमच्या घरी तीच चर्चा. कधी मी ह्यांच्या बाजूची, कधी बाईच्या. पाळ दुरुस्त झाली तर पाणी जास्त थांबेल, पाणी थांबलं तर मासोळ्याही वाढतील, मग बाईचं नुकसान काय? असं एकदा वाटायचं. आणि हौदाशी गेलं की वाटायचं, छे! चितळ वितीएवढे झाले होते. ह्यांनी रोज लोटा आणावा आणि रोज हौद साफ. मधेच काम आलं आणि दोन दिवस लोटा चुकला तर ते एकमेकांच्या शेपट्या कुरतडायचे. हे दिसत होतं दोघांनाही, पण सोडायचे नाहीत असं कुणी म्हणत नव्हतं. ह्यांना स्वप्न मोडायचं नव्हतं, आणि मला ह्यांचं तोंड उतरलेलं बघवत नसे. मागावर बसलेला हा माणूस त्या दिवसांत गुणगुणायचा. कितीतरी वर्षांनी गुणगुणत होता.

वैशाखात आम्ही माहेरी गेलो. चितळ घरीच होते, हौदावर बांबूची तट्टी आणि ओलं पोतं टाकून, लोट्याचं काम बाबूंकडे देऊन. आधी गावाचा होकार घ्यायचा, मग पावसाळा लागला की सोडायचे, असं ठरलं होतं. गाव जमणार ते तलाव धरायच्या दिवशीच, म्हणून तिथंच विषय काढायचा. भावानं अर्ध्या गावाला आधीच तयार करून ठेवलं होतं. बाईला मी आदल्या संध्याकाळी सगळं सांगितलं. ती झिंगे निवडत होती. तिनं मान वर न करता विचारलं, "राहते कुठं तो मासा? काठाले की खोल?" मी म्हटलं, "बाबू म्हणतात खोल पाण्यात." ती बरं म्हणाली आणि पुन्हा झिंगे निवडायला लागली. मला वाटलं, रडेल, निदान चिडेल तरी. तिनं आम्हाला झिंग्यांची चटणी आणि भाकरी वाढली.

सकाळी सगळा गाव चिखलात. पोरं, बाया, म्हातारे, कुणाच्या हातात जाळं, कुणाच्या हातात टोपलं, कुणी नुसत्या हातानं. मी चाळिशीला टेकलेली बाई लुगडं खोचून उतरले आणि एक मरळ धरली, ती हातातून सटकून माझ्या भावाच्या तोंडावर बसली! हसून हसून पोट दुखलं. उन्हं चढायच्या आत काठावर माशांचा ढीग लागला आणि चिंचेच्या सावलीत वाटे मांडले गेले.

वाटे द्यायची आमची रीत अशी: एकानं वाट्यांकडे पाठ करून बसायचं. दुसऱ्यानं एका वाट्याकडे बोट दाखवून विचारायचं, "हा कोणाचा?" पाठ करून बसलेल्यानं घर सांगायचं. त्याला वाटा दिसत नाही, म्हणून भांडण नाही. आणि बसवायचं ते गावच्या जावयाला, कारण जावयाला गावात चूल नसते, वाटा नसतो, त्याला कुणाकडे झुकायचं कारण नसतं. बरीच वर्षं हा मान आमच्या ह्यांचा होता. वाटे लागायच्या आधीच ते दगडावर पाळीकडे तोंड करून बसले होते. विचारायचं काम बाईचं होतं.

भावानं त्याआधी घसा साफ करून चितळाचा विषय काढला. पाळ, नागपूरचे लोक, लग्नकार्याला मोठा मासा, सगळं सांगितलं. चांगलं बोलला. माना हलल्या. कुणीतरी म्हणालं, "सोडा ना गा, काय जाते आपलं!" हे पाठमोरे बसले होते, पण कान मागे होते हे मला दिसत होतं.

तेवढ्यात बाई म्हणाली, "थांबा. तो आपल्या तलावात राहणार ना? मंग त्याचाही वाटा पाह्यजे. आधी त्याचा काढू."

लोक हसले. बाई हसली नाही. ती वाकली आणि पहिल्या वाट्यातून ओंजळभर मासोळ्या उचलून बाजूला टाकल्या. मग दुसऱ्यातून. मग तिसऱ्यातून. प्रत्येक वाट्यातून. स्वतःच्या वाट्याचं ठिकाण तर तिलाही माहीत नव्हतं. एक फेरी झाली तशी ती पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. "आता हे पावसाळ्याचं. हे हिवाळ्याचं. तो काही वर्षातून एकदा जेवणार नाही." हसणं बंद झालं. बाजूचा ढीग सगळ्या वाट्यांच्या वर गेला आणि वाटे पोरांच्या खेळातल्यासारखे उरले.

मग तिनं त्या ढिगाकडे बोट दाखवलं. "जवाईबापू, हा कोणाचा?"

ह्यांना काय माहीत! म्हणाले, "विहिरीजवळच्या घरचा."

"त्यायचा नाही. दुसरा सांगा."

"पाटलाचा."

"त्यायचाही नाही."

हे गोंधळले. असं कधी झालं नव्हतं. "तुमचा का मंग, बाई?"

"माहा तर नाहीच नाही. वळून पाहा."

वाटे उचलले जाईपर्यंत पाठमोऱ्यानं वळायचं नाही, हा कायदा. पण बाईच म्हणाली म्हणून हे वळले. ढीग पाहिला, वाटे पाहिले, आणि त्यांना कुणी सांगायची गरज राहिली नाही.

भाऊ उसळला. "अवं बाई, सहा मासे एवढं खातीन का कुठं? काहीही काढून राहिली तू!"

"सहाचे सहाच राहतीन का?" बाई म्हणाली. "अन् मरळ आपण चिखलात हातानं धरतो. हा बसन डोहात. बीही डोहात, हाही डोहात. अन् डोहात आपण हात घालत नाही. सांग, काढशीन कसा त्याले?"

मग एक म्हातारे होते गावातले, ते ह्यांच्याकडे वळून म्हणाले, "जवाईबापू, घरी तुम्ही पाळले आहेत. तुम्हीच सांगा, खाते किती?"

सगळा गाव ह्यांच्या तोंडाकडे पाहत होता. ह्यांनी नुसतं "थोडंसं खाते" म्हटलं असतं तरी गाव मानला असता. भाऊ मानायलाच बसला होता. पाळ, काठावरची जागा, म्हातारपण, सगळं त्या एका शब्दावर होतं. आणि मी काय करणार होते? ह्यांना खोटं पाडणार होते, की बहिणीच्या चुलीत पाणी ओतणार होते? आजही मला सांगता येत नाही.

ह्यांनी खाली पाहिलं. म्हणाले, "जेवढं टाकलं तेवढं खाल्लं. उरलेलं म्या एकदाही पाह्यलं नाही." थोडं थांबले आणि म्हणाले, "नाही सोडत. घरीच राहतीन, हौदात."

"हौदात?" माझ्या तोंडून निघून गेलं, आणि सगळा गाव खो खो हसला. बरं झालं हसला. त्या चितळांचं पुढे काय झालं ते इथंच सांगून टाकते. आषाढात बंगाली बाबूंच्या बायकोनं ते रांधले, मोहरी वाटून, आणि आम्हा सगळ्यांना जेवायला बोलावलं. ह्यांनी दोन घास खाल्ले आणि म्हणाले, "काटे लय आहेत." मी मात्र पोटभर जेवले. माझा हौद मोकळा झाला होता.

पण त्या दिवशी चिंचेखाली अजून वाटे व्हायचे होते. बायांनी तो मोठा ढीग मोडला, पुन्हा ओंजळी-ओंजळीनं वाट्यांत घातला. हे पुन्हा पाठ करून बसले. खांदे पडले होते. आवाज बारीक झाला होता, पण घरं चुकत नव्हती. "हा कोणाचा?" "बाभळीजवळच्या घरचा." "हा?" "गाडीवाल्याचा." एकेक जण येऊन आपला वाटा ओच्यात, टोपल्यात भरून नेत होता. पाटलाचा झाला, भावाचा झाला, बाईचाही झाला. तिनं तो उचलला नाही, तशीच उभी राहिली.

"जवाईबापू, हा कोणाचा?"

हे बोटांवर घरं मोजायला लागले. खालची आळी, वरची आळी, विहिरीजवळचे. म्हणाले, "झाले सगळे. कोणी राह्यलं नाही, बाई."

"एक वाटा आहे ना पण."

"चूकभूल झाली असन. पुन्हा मोजा."

"म्या मोजूनच लावला," बाई म्हणाली. "गावाचं जो एवढं पाहते, त्याची चूल गावातच धरा. हा तुमचा आहे."

ज्या माणसाच्या नावावर कुठंही वीतभर जमीन नव्हती, ज्याचा माग आज आहे तर उद्या नाही, त्याला आमच्या तलावानं वाटा दिला. म्हाताऱ्यांनी मान हलवली. भावानंसुद्धा हलवली. मी ह्यांना हाक मारली, "अवो, वळा ना आता. वाटा उचला." हे वळेनात. पुन्हा हाक मारली, तरी नाही. मग मीच त्यांच्या समोर जाऊन उभी राहिले. माणूस रडून राहिला होता, लहान पोरासारखा, नाक पुसत. मी पदर पसरला आणि मासोळ्या भरायला बसले.